दोन नंबरची ईद

तार खाते चालू होते तेव्हा शुभेच्छांच्या तयार वाक्यांची एक यादी तार ऑफिसात असे. प्रत्येक वाक्याला क्रमांक. एक नंबरला दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा, दोन नंबरला ईद मुबारक, तीनला बंगाली लोकांची बिजोया, चारला नवे वर्ष, पाचला वाढदिवस. आठव्या क्रमांकावर दीर्घ व सुखी वैवाहिक जीवनाची इच्छा, नवव्यावर नाताळ, दहाव्यावर परीक्षेतले यश, बाराव्यावर निवडणूक जिंकल्याचे अभिनंदन आणि सोळाव्यावर नवदांपत्यावर स्वर्गातून आशीर्वादांची बरसात. आपण फॉर्मवर पत्ता, आकडा आणि आपले नाव लिहायचे. तारेवरून आकडाच जाई. पलीकडच्या ऑफिसातला माणूस आकडा वाचून पूर्ण वाक्य लिहून काढी आणि शिपाई ते घरी पोचवी. खर्च कमी, वेळ कमी, चुकीला जागा कमी.

जुन्या सोळा वाक्यांची ही यादी इंग्रजीत होती. दिवाळीलासुद्धा इंग्रजी विशेषणांचा कोट घातलेला होता. लोक जसे बोलतात तसेच, पदराला काही न लावता यादीत आलेले वाक्य एकच होते, आणि ते आमचे दोन नंबरचे. एरवी मराठीत ‘दोन नंबरचा’ म्हटले की लोक माल तपासून घेतात. ईदच्या बाबतीत तो सरकारमान्य होता.

हे आम्हाला कळले ते मोर्स शिकताना. आमच्या वस्तीतले सहा-सात जण, वयाने पंधरापासून पन्नासपर्यंतचे, रविवारी दुपारी एका गच्चीवर बसतात. साहित्य म्हणजे एक जुनी की, म्हणजे तार पाठवायचा खटका, एक बझर आणि चार सेल. शिकवणारे काका तार खात्यातून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या घरात. ते हिंदू आहेत, अस्सल नागपूरचे आहेत, आणि चहात साखर कमी पडली तर ठिपक्यारेघांत सांगतात. मुलांना कुणी विचारले की हे आता कशाला शिकता, तर त्यांना उत्तर देता येत नाही. खरे तर प्रश्न रास्त आहे. समुद्रावरच्या जहाजांनी मोर्सचा आधार १९९९ साली अधिकृतपणे सोडला. हौशी रेडिओवाल्यांवर असलेली मोर्सची सक्ती जगाने २००३ मध्ये उठवली, मग ज्या त्या देशाने आपापले ठरवले. भारतात जनरल ग्रेडच्या परवान्यासाठी मिनिटाला आठ शब्दांची परीक्षा त्यानंतरही ठेवली गेली. आणि तार तर १५ जुलै २०१३ पासून बंदच झाली. तेव्हा उपयोगाच्या नावाने हात वर करून आम्ही शिकतो.

शिकण्याची पहिली पायरी म्हणजे चार शुभेच्छा: सलाम, ईद मुबारक, नमस्कार, आणि तारवाल्यांची आपसातली ‘त्र्याहत्तर’. पण एवढ्या साध्या गोष्टी हाताने पाठवू लागलो आणि एक प्रश्न पाय पसरून बसला. शुभेच्छा म्हणजे नेमके काय दिले जाते? आकड्याने दिलेली ईद ही ईद होते का? ज्याच्या बोटाने ती गेली त्याच्याकडे काही देणे लागते का? आणि त्याहून कठीण: पहिल्यांदा कुणी करावी?

थोडे तंत्राचे सांगणे भाग आहे. मोर्समध्ये अक्षर म्हणजे लहान-मोठ्या आवाजांची जुळणी. ठिपका एक मापाचा, रेघ तीन मापांची. एका अक्षराच्या आतले अंतर एक माप, दोन अक्षरांमधले तीन, दोन शब्दांमधले सात. म्हणजे लिपीत जेवढा आवाज आहे तेवढीच शांतता आहे, आणि शांतता चुकली की अक्षर चुकते. जुन्या तार ऑफिसातल्या साउंडरला तर सूरही नव्हता. लोखंडी दांडी खाली आली की एक ‘कट्’, वर गेली की दुसरा. ठिपका की रेघ हे त्या दोन टोल्यांमधल्या रिकाम्या जागेवरून ओळखायचे. बाहेरच्याला कडकट्ट कडकट्ट ऐकू येई, तारवाल्याला मात्र त्यातले मौन वाचता येई.

मुले सुरुवातीला कागदावर ठिपके काढून पाठ करत होती. काका वैतागले. “मोजता कायले जी? आयका!” त्यांचे म्हणणे असे की जो मोजतो तो कधी वेगाने वाचू शकत नाही; अक्षर चालीसारखे कानात बसले पाहिजे. आमच्या पोरांना हे पटायला वेळ लागला नाही, कारण मक्तबमध्ये बसलेल्या पोराला ठाऊक असते की मद्द दोन हरकतींची, चारची की सहाची, याने किराअत बदलते. लांबी ही सजावट नसते. आणि आमच्यात जे दोघे गझल लिहितात ते तर खूशच झाले. अमरावतीचे सुरेश भट, ज्यांचे २००३ मध्ये नागपुरातच निधन झाले, त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून विदर्भातल्या दोन पिढ्यांना लगावली शिकवली. लघू आणि गुरू. मोर्सचा ‘ए’ म्हणजे लगा, ‘एन’ म्हणजे गाल, ‘एम’ म्हणजे गागा. वृत्तात गुरू दोन मात्रांचा आणि इथे तीन मापांचा, एवढाच फरक. तिसऱ्या रविवारी गझलवाले सगळ्यांच्या पुढे होते, आणि ते त्यांनी सगळ्यांना सांगितलेही.

आता हिशेब पाहा. दोनचा आकडा म्हणजे दोन ठिपके आणि तीन रेघा, एकूण पंधरा मापे. यादीतल्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे ‘ईद मुबारक’ पूर्ण पाठवायचे तर सत्त्याऐंशी मापे. मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने आकडा सव्वादोन सेकंदांत जातो, पूर्ण वाक्याला तेरा सेकंद लागतात. म्हणजे यादी बनवणाऱ्याने आमच्या ईदमागे पावणेअकरा सेकंद वाचवले. हे पावणेअकरा सेकंद कुणाच्या खात्यातून गेले?

पहिले उत्तर आमच्यातल्या एका शिक्षकाने दिले. ते म्हणाले, पाठवणाऱ्याच्या. त्याने भावना दिली असती, त्याऐवजी आकडा दिला. भावनेविना शुभेच्छा म्हणजे सभ्य खोटेपणा. हा आक्षेप आजच्या काळालाही लागू आहे. ईदच्या सकाळी मोबाइल उघडावा तर चंद्र, मशीद आणि शेवयांच्या वाट्या यांची चित्रे ओळीने येतात, आणि तीच चित्रे आपण पुढे ढकलतो. दोन नंबरची तार हे त्याचेच जुने रूप नव्हते का? तारेच्या आठवणीने गळा काढणाऱ्यांनी हे विसरू नये की ती यादीसुद्धा घाऊक शुभेच्छांचेच दुकान होते.

पण आम्हाला हा आक्षेप पुरता मान्य नाही. त्यात असे गृहीत धरले आहे की शुभेच्छा हे मनातल्या भावनेचे निवेदन आहे, आणि भावना नसेल तर निवेदन खोटे. मालिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने १९२३ मध्येच दाखवून दिले होते की माणसाचे पुष्कळसे बोलणे माहिती देण्यासाठी नसते. एकमेकांशी बांधलेले राहण्यासाठी असते. ‘काय, बरं आहे ना?’ याचे उत्तर रक्तदाबाचे आकडे नसते. सलामाची गोष्ट तर त्याही पुढची. ‘तुमच्यावर शांती असो’ हे कुठल्याच अर्थाने निवेदन नाही. ती दुवा आहे. दुवा खरी-खोटी नसते, केलेली किंवा न केलेली असते. सहीह बुखारीची पहिलीच हदीस नियतीवर आहे, कृत्ये नियतीवर तोलली जातात या आशयाची, आणि नियत म्हणजे भावनेचा उमाळा नव्हे. फजरच्या नमाजला झोपेत उठलेल्या माणसाला उमाळा कुठला? तो उठला, वुजू केली, उभा राहिला, ही त्याची नियत. तार ऑफिसच्या रांगेत उभा राहून फॉर्मवर ‘२’ लिहिणारा माणूस त्या वेळी मनात गाडीच्या तिकिटाचा विचार करत असला तरी त्याने जमशेदपूरच्या मामूंचा पत्ता आठवून लिहिला आहे. आमच्या मते ईद त्या पत्त्यात होती. आकडा तिचे नुसते पाकीट होता.

या हिशेबाने मोबाइलवरच्या चित्राचे काय? जिथे एका बोटाने दोनशे जणांना एकदम जाते तिथे पत्ताच उरत नाही. चित्र वाईट म्हणून नव्हे, कुणाची आठवण केली हे पाठवणाऱ्यालाच सांगता येत नाही म्हणून ती शुभेच्छा पातळ होते. त्याच मोबाइलवरून नाव घेऊन दोन शब्द लिहिले तर ते तारेइतकेच घट्ट. यंत्राला दोष देण्याची सवय आपल्याकडे फार आहे.

दुसरा प्रश्न तारवाल्याचा. काका सांगतात की चांदरातीला लायनीवर दोनच दोन वाजत, दोन ठिपके तीन रेघा, आणि दिवाळीला एकच एक. कुणासाठी चालले आहे याचा विचार करायला सवड नसे. त्यांच्या बाजूच्या टेबलावर एक मुसलमान सहकारी होता, तो दिवाळीच्या रात्रपाळ्या हौसेने घेई आणि ईदला काका त्याची पाळी करत. यात काही मोठेपणा होता असे काकांना आजही वाटत नाही. पाळ्यांची अदलाबदल, बस. तरी आम्हाला विचारावेसे वाटते की हजारो ईदा ज्याच्या मनगटातून गेल्या त्या माणसाचा ईदशी काही संबंध जुळला का? त्याची तर नियत नव्हती. तो खांबावरच्या तारेसारखा मध्ये होता.

आमच्या परंपरेत याचे उत्तर आहे आणि ते फार सुंदर आहे. सलाम पोचवणारा माणूस ही इस्लामी शिष्टाचारातली एक मान्य भूमिका आहे. हजरत जिब्रील यांचा सलाम हजरत आयशा (र.) यांना प्रेषितांनी (स.) पोचवला आणि त्यांनी तो वाढवून परत केला, ही हदीस प्रसिद्ध आहे. तितकीच प्रसिद्ध नसलेली एक अबू दाऊदमध्ये आहे. एक मुलगा आपल्या वडिलांचा सलाम घेऊन प्रेषितांकडे (स.) आला. उत्तरात त्यांनी आधी त्या मुलावर शांती इच्छिली, मग त्याच्या वडिलांवर. क्रम पाहण्यासारखा आहे. ज्याने नुसता निरोप आणला त्याचे नाव आधी. मुलाला सलामाचा अर्थ कळत होता की नाही, तो स्वखुशीने आला होता की बापाने पिटाळला होता, याची चौकशी झाली नाही. ओझे वाहून आणले एवढ्यावर त्याचा वाटा निघाला. या न्यायाने नागपूरच्या तार ऑफिसातल्या कितीतरी जोशी, मेश्राम आणि डिसूझांवर कितीतरी घरांतून सलाम जायला हवे होते. शिपायाला ईदी मिळत असे. आत की दाबणाऱ्याला कुणी विचारले?

तारवाल्यांनी मग आपापसात एक शुभेच्छा तयार केली. ती आकड्यांतच आहे. अमेरिकेत १८५९ मध्ये वेस्टर्न युनियनने धंद्याच्या सोयीसाठी आकड्यांचा संच केला, त्यात त्र्याहत्तर हा नमस्काराचा आकडा होता. हौशी रेडिओवाले आजही संभाषण संपवताना तोच पाठवतात. सात म्हणजे दोन रेघा तीन ठिपके. तीन म्हणजे तीन ठिपके दोन रेघा. पुढून वाचा की मागून, आवाज तोच. देणारा आणि घेणारा यांच्यात उंच-सखल नाही अशी शुभेच्छा कुणी ठरवून घडवायची म्हटली असती तर याहून चांगली घडली नसती. ती घडली मात्र योगायोगाने.

लिपीबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण या वार्षिकाचे वाचक त्या भांडणात होरपळलेले आहेत. घरी एक भाषा, शाळेत दुसरी, मशिदीत तिसरी, आणि प्रत्येक बाजूने संशय. उर्दू लिहिली तर मराठीचे वैरी, मराठी लिहिली तर कौमचे गुन्हेगार. रोमन लिपीत ‘एस’ म्हणजे तीन ठिपके. अरबी मोर्समध्ये ‘सीन’ म्हणजे तीन ठिपके. देवनागरी मोर्समध्ये ‘स’ म्हणजेही तीन ठिपके. ‘एल’, ‘लाम’ आणि ‘ल’ तिन्ही लगालल. ‘एम’, ‘मीम’ आणि ‘म’ तिन्ही दोन रेघा. म्हणजे सलामाचा सांगाडा तिन्ही लिप्यांत एकच वाजतो, आणि ऐकणाऱ्याला कळत नाही की पाठवणारा उजवीकडून लिहितो की डावीकडून. यावरून लिप्यांचा वाद मिटला असा भाबडा निष्कर्ष आम्ही काढत नाही. ‘अलैकुम’वर पोचताच गच्चीवर पुन्हा भांडण झाले, ऐनचे काय करायचे यावरून.

आता कठीण प्रश्नाकडे.

सलाम या शब्दाची मराठीत एक दुर्दशा झाली आहे. ‘सलाम ठोकणे’ म्हणजे लाचारी. मंगेश पाडगावकरांच्या ‘सलाम’ (१९७८) या कवितेने तर हा शब्द सगळ्या सत्तांपुढे वाकणाऱ्या माणसाची खूण करून टाकला. कवीचा रोख लाचारीवर होता, आमच्यावर नव्हता, आणि कविता मोठी आहे. पण शब्दाला जे व्हायचे ते झाले. मूळ अर्थ सपाट, समपातळीचा. मराठीतला अर्थ खालून वर जाणारा. मुजरा, कुर्निसात, जोहार यांच्या रांगेत तो जाऊन बसला.

जोहारावरून नागपूरकरांना कामठी आठवायला हवी. कामठीचे बाबू हरदास एल. एन. (१९०४–१९३९), विडी कामगारांचे पुढारी, १९३७ च्या निवडणुकीत मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेलेले. ‘जय भीम’ या अभिवादनाचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. असे सांगतात की मुसलमान भेटले की एक जण सलाम करतो आणि दुसरा ‘वालेकुम सलाम’ म्हणून तोच परत करतो, हे त्यांनी पाहिले, आणि आपल्या माणसांसाठीही असेच काही हवे असे त्यांच्या मनात आले. ‘जय भीम’ला ‘बल भीम’ असे उत्तरही त्यांनी सुचवले होते म्हणतात. पुढे दोन्हीकडून ‘जय भीम’च रूढ झाले. ‘जोहार मायबाप’ म्हणणाऱ्याला समोरून जोहार परत मिळत नसे. त्या अभिवादनाला उत्तर नव्हते, हीच त्यातली गुलामी होती. ज्या अभिवादनाचे उत्तर त्याच वजनाने येते ते माणसाला ताठ करते. हरदासांना ज्या सलामात बरोबरी दिसली त्याच सलामात मराठी म्हणीने लाचारी पाहावी, हे नशीब म्हणायचे. कामठी आमच्यापासून फार दूर नाही, पण तिथे जन्मलेल्या या गोष्टीत आपल्या सलामाचाही धागा सांगितला जातो, हे आपल्या किती घरांत ठाऊक आहे?

तर अभिवादन कुणी आधी करावे? इथे हदीसचा नियम साधा आणि क्रांतिकारक आहे. स्वाराने पायी चालणाऱ्याला, चालणाऱ्याने बसलेल्याला, थोड्यांनी जास्त लोकांना आधी सलाम करावा. लहानाने मोठ्याला करावा हेही आहेच, पण वयाचा तो एक मान सोडला तर पुष्कळसा भार वरच्यावर आहे. घोड्यावर बसलेल्याला खाली पाहून आधी बोलायचे आहे. दरबारी रीत याच्या नेमकी उलटी.

हा नियम आमच्या डोक्यात का घोळत राहिला ते सांगतो. १७ मार्च २०२५ च्या संध्याकाळी नागपुरात महाल भागात हिंसा उसळली. दगडफेक, जाळपोळ, जखमी माणसे, आणि दवाखान्यात दगावलेला एक माणूस. शहराच्या अनेक भागांत संचारबंदी लागली. रमजान चालू होता. इफ्तारीला खजूर आणायला गल्लीच्या तोंडापर्यंत जाणेही कठीण झाले, आणि ही कोंडी दोन्ही धर्मांच्या घरांनी सोसली. काही दिवसांनी संचारबंदी उठली, पण जिन्यावरची ‘काय, कसं काय’ लगेच परत आली नाही. आणि त्या वर्षी पंचांगाने एक विचित्र गाठ घातली होती. ३० मार्चला रविवारी गुढीपाडवा, ३१ मार्चला सोमवारी ईद. आदल्या दिवशी त्यांचा सण, दुसऱ्या दिवशी आमचा.

पाडव्याच्या शुभेच्छा द्यायच्या की नाहीत यावर आमच्यात तीन तट पडले. एक म्हणाला, द्यायच्या नाहीत. आमची दुकाने जळाली, आमची पोरे आत गेली, आणि पहिला हात आम्हीच पुढे करायचा? दुसरा म्हणाला, त्यांचीही वाहने जळाली, त्यांनाही असेच वाटत असणार. तिसऱ्याचे म्हणणे सर्वात टोचणारे होते. तो म्हणाला, आज आपण शुभेच्छा दिल्या तर ती शुभेच्छा दिसणारच नाही, भीती दिसेल. सलाम ठोकला असे होईल.

या तिसऱ्या म्हणण्याला उडवून लावता येत नाही. शुभेच्छेचा अर्थ देणाऱ्याच्या एकट्याच्या हातात नसतो, आणि घाबरलेल्या वस्तीतून निघालेल्या गोड शब्दाला घेणारा काय समजेल याची खात्री नाही. म्हणूनच आमचे मत असे की शहराच्या पातळीवर स्वाराचा नियम लावून मागणी करणे योग्यच आहे. ज्यांच्या हातात सत्ता आहे, पोलीस आहेत, माईक आहे, त्यांनी आधी बोलावे. संख्येने आणि बळाने कमी असलेल्यांकडून रोज पहिल्या सलामाची अपेक्षा करणे आणि तो आला नाही की त्यांच्या निष्ठेची मोजणी करणे, ही दरबारी रीत झाली. तिला सौहार्द म्हणू नये.

पण जिन्यावर ही भाषा चालत नाही. समोरच्या घरातल्या काकूंच्या पायाखाली कुठला घोडा होता? संचारबंदीत त्यांचेही दूध संपले होते. शहरातला वरचा-खालचा हिशेब दोन दारांच्या मध्ये आणून ठेवणे म्हणजे शेजाऱ्याला त्याच्या जमातीची पावती समजणे, आणि नेमके तेच आपल्याशी होते तेव्हा आपण कळवळून ओरडतो. तिथे दुसरी हदीस लागू पडते. दोन भावांनी तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला धरू नये, आणि दोघांत चांगला तो जो सलामाने सुरुवात करतो. ती मोमिनांमधल्या नात्याबद्दल आहे, शेजाऱ्याला कशी लावता, असे आमच्यातल्या एकाने विचारले. त्यावर उत्तर असे की शेजाऱ्याच्या हक्काबद्दल जे सांगितले आहे ते याहून हलके नाही. तिथे शेजाऱ्याचा धर्म विचारलेला नाही.

आमच्यापैकी चौघांनी पाडव्याला नाव घेऊन शुभेच्छा दिल्या. दारात जाऊन, फोन करून, जसे जमेल तसे. दोघांनी दिल्या नाहीत, आणि त्यांच्याशी आम्ही वाद घातला तरी त्यांना कमी लेखले नाही. ज्याच्या भावाला पोलीस घेऊन गेले त्याला हदीस ऐकवण्याचा अधिकार आपला नसतो. दुसऱ्या दिवशी ईदला काही दारे वाजली, काही वाजली नाहीत. एका घरून फक्त शिरखुर्म्याची वाटी धुऊन परत आली. तिच्यात साखरेची एक गाठी होती.

कुरआनच्या सूरह निसामध्ये (४:८६) सांगितले आहे की तुम्हाला अभिवादन केले गेले तर त्याहून चांगले करा, निदान तेवढेच परत करा. तार खात्याने नकळत याचीही सोय केली होती. तेराव्या नंबरचे वाक्य उत्तराचे होते: शुभेच्छांबद्दल आभार, आमच्याकडूनही तशाच मनःपूर्वक. दोनला तेरा. पण काका सांगतात की ईदच्या तारेला बहुतेक लोक तेरा पाठवत नसत, दोनच परत पाठवत.

मोर्समध्ये एक रिवाज आहे. आपले बोलणे संपले, आता तुम्ही बोला, हे सांगायला शेवटी ‘के’ पाठवतात. रेघ ठिपका रेघ, गालगा. देवनागरीतला ‘क’ही तोच. ‘मुबारक’चे शेवटचे अक्षर हेच आहे, हे गच्चीवर प्रथम एका नववीतल्या मुलीच्या लक्षात आले. तिने ते वाजवले आणि हात कीवरून काढून घेतला. काकांनी सांगितले आहे की ‘के’नंतर हात काढायचाच असतो, आणि थांबायचे. उत्तर आले नाही तर थोड्या वेळाने पुन्हा हाक द्यायची. किती वेळा, असे तिने विचारले. काका म्हणाले की खात्याच्या नियमात आकडा होता, पण आता त्यांना तो आठवत नाही.